पगार थकलाय, नोटीस न देता नोकरी सोडू का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगार लांबायला लागला की लोक दोनपैकी एक चूक करतात. काहीजण वर्षभर गप्प बसतात, तर काहीजण एका सोमवारी कामावर जायचंच बंद करतात. ‘नोटीस न देता’ जाणं आणि ‘न सांगता’ जाणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं समर्थन करता येतं, दुसरीचं जवळजवळ कधीच नाही. खालची बहुतेक उत्तरं या फरकावरच उभी आहेत. ती महाराष्ट्र आणि गोव्यातल्या खाजगी नोकऱ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. शाळा, ऊसतोड आणि दुबईचे प्रश्न शेवटी आहेत.

१. पगार ‘उशिरा’ झाला असं कितव्या तारखेनंतर म्हणायचं?

महिन्याचा पगार असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेनंतर. ही मुदत वेतन संहिता २०१९च्या कलम १७मध्ये आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आणि १९३६चा वेतन प्रदान कायदा रद्द झाला. जुन्या कायद्यात हजार किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी १० तारखेपर्यंत सवलत होती. ती आता नाही, पण बऱ्याच एचआरच्या तोंडी अजून ‘दहा तारीख’ असते. रोजंदारीचा पगार पाळी संपताना, आठवड्याचा पगार साप्ताहिक सुट्टीआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि पंधरवड्याचा पगार पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांत द्यायचा असतो.

‘आमच्याकडे पगार २० तारखेलाच होतो’ असं नेमणूकपत्रात लिहून तुमची सही घेतली असली तरी ७ तारीख बदलत नाही.

२. पगार थकला तर नोटीस न देता नोकरी सोडता येते, असं कायद्यात लिहिलं आहे का?

इतक्या सरळ शब्दांत नाही. काही देशांच्या कायद्यात तसं कलम असतं (प्रश्न २३ पाहा), भारतात नाही. आपल्याकडे आधार आहे तो भारतीय करार कायदा १८७२चा. नोकरी हा परस्पर वचनांचा करार आहे, तुम्ही काम करायचं आणि मालकाने पगार द्यायचा. एका बाजूने आपला भाग पाळला नाही, तर त्याला दुसऱ्या बाजूकडून तिचा भाग मागता येत नाही (कलम ५४). एकाने करार पाळायला नकार दिला, तर दुसऱ्याला करार संपवता येतो (कलम ३९). नोटीस पीरियड हाही त्याच कराराचा भाग आहे.

शिवाय तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवा, असा आदेश कोणतंही न्यायालय देत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३च्या कलम १४नुसार वैयक्तिक सेवेचा करार असा अंमलात आणता येत नाही. म्हणजे वाद होईल तो पैशांचा आणि कागदपत्रांचा.

३. नोटीस पीरियड मुळात येतो कुठून? माझ्या पत्रात ९० दिवस लिहिले आहेत.

बहुतेकांच्या बाबतीत फक्त नेमणूकपत्रातून. कारखान्यांत स्थायी आदेश (सेवाशर्तींचे नियम) लागू असतील तर त्यातूनही येतो. केंद्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत मासिक पगाराच्या कायम कामगाराला एक महिना आणि इतरांना दोन आठवडे अशी मुदत होती. प्रोबेशनवर असाल तर पत्रातलं प्रोबेशनचं कलम वेगळं वाचा, तिथे मुदत बहुधा कमी असते. पत्रच नसेल, तर प्रश्न १२ पाहा.

४. किती उशीर झाला की सोडायला हरकत नाही? दोन दिवस चालतील का?

दोन दिवसांच्या उशिरावर ताबडतोब राजीनामा टिकवणं अवघड आहे. बँकेची सुट्टी किंवा तांत्रिक अडचण असं स्पष्टीकरण सहज पटतं. आकडा कायद्यात नाही, पण भक्कम म्हणता येतील अशा तीन स्थिती आहेत: एक पूर्ण पगार थकून दुसऱ्याची ७ तारीखही उलटली, किंवा दर महिन्याला उशीर होतो आणि तुम्ही लेखी हरकत घेतली आहे, किंवा मालकाने लेखी कबूल केलं की पैसे कधी मिळतील ते सांगता येत नाही.

मधल्या स्थितीतला ‘लेखी हरकत’ हा भाग लोक विसरतात. करार कायद्याच्या कलम ३९मध्येच एक मेख आहे: समोरच्याने करार मोडला तरी तुम्ही शब्दाने किंवा वागण्याने तो पुढे चालू ठेवायला संमती दिली असेल, तर त्या कारणावर करार संपवता येत नाही. चौदा महिने २५ तारखेचा पगार निमूट घेतला आणि पंधराव्या महिन्यात अचानक सोडलं, तर मालकाचा वकील हेच म्हणेल. मात्र यामुळे थकलेल्या पैशांवरचा हक्क जात नाही. अडचण फक्त नोटीस न देण्याच्या समर्थनाची होते.

५. सोडण्याआधी नेमकं काय करायचं? पत्रात काय लिहायचं?

आधी बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि कागदावर तीन रकाने करा: कोणत्या महिन्याचा पगार, किती तारखेला जमा झाला, ७ तारखेनंतर किती दिवस. तुमच्याकडचा सगळ्यात मजबूत पुरावा हाच, कारण तो बँकेचा आहे. सॅलरी स्लिपा, नेमणूकपत्र, हजेरीचे स्क्रीनशॉट आणि ‘पुढच्या आठवड्यात होईल’ असे एचआरचे मेसेज वैयक्तिक मेलवर पाठवून ठेवा. फक्त स्वतःच्या पगाराचे कागद घ्या. ग्राहकांच्या याद्या किंवा कंपनीच्या फायली उचलल्या तर बाजी उलटते.

मग मागणीचं पत्र. अर्धं पान पुरे:

‘माझा ____ आणि ____ या महिन्यांचा पगार, एकूण ₹____, आजपर्यंत मिळालेला नाही. वेतन संहिता २०१९च्या कलम १७नुसार तो पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा होता. ही रक्कम सात दिवसांत, म्हणजे ____ तारखेपर्यंत, माझ्या खात्यात जमा करावी. तोपर्यंत मी काम करत राहिलो तरी ती उशिराला संमती समजू नये. रक्कम न मिळाल्यास हा करारभंग मानून नोकरी तात्काळ सोडण्याचा आणि दाद मागण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे.’

सात दिवसांत पैसे आले नाहीत तर दुसरं पत्र:

‘____ तारखेच्या पत्रातली मुदत संपली. पगार न देऊन कंपनीने करार मोडला आहे. म्हणून मी आज ____ रोजी राजीनामा देत असून तो आजपासूनच लागू आहे. नोटीस कालावधी पाळण्याचं बंधन यामुळे उरलेलं नाही, अशी माझी भूमिका आहे. थकीत आणि आजपर्यंतचा पगार दोन कामाच्या दिवसांत जमा करावा. परत केलेल्या वस्तूंची यादी सोबत जोडली आहे.’

दोन्ही पत्रं वैयक्तिक मेलवरून एचआर आणि मालक किंवा संचालक दोघांना पाठवा. कंपनीचा मेल आयडी त्याच दिवशी बंद होऊ शकतो. छापील प्रत हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कुणी सही करत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती मागा आणि ट्रॅकिंगचं पान जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप जोडीला चालेल, पण एकट्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सवयीने ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ असं लिहिणं. भांडण नको म्हणून लिहिलेल्या या शब्दांनी तुमची बाजू तुम्हीच खोडून टाकता. एचआरच्या पोर्टलवर कारण निवडायची यादी असेल आणि तिच्यात ‘पगार थकला’ हा पर्यायच नसेल (नसतोच), तर ‘इतर’ निवडा आणि पत्र जोडा.

६. ते म्हणतात, राजीनामा ‘अ‍ॅक्सेप्ट’ केलेला नाही. मग?

खाजगी नोकरीत मालकाने मंजूर करेपर्यंत तुम्ही बांधलेले आहात असं होत नाही. त्यांनी राजीनामा नाकारला तरी त्यांच्या हाती उरतं ते नोटीसच्या दिवसांची भरपाई मागणं (प्रश्न ७). ‘राजीनामा माझ्या पत्रातल्या तारखेपासून लागू आहे’ एवढं एकदा लिहून कळवा. नंतर रोज मेलामेली करत बसू नका. सरकारी नोकरी आणि शाळा यांचे नियम वेगळे आहेत (शाळेसाठी प्रश्न १९).

७. थकलेल्या पगारातून नोटीसचे पैसे कापून घेता येतात का?

कंपन्या कापतात हे खरं, पण प्रत्येक कपात टिकत नाही. समजा ढोबळ पगार ₹३०,०००, त्यात मूळ वेतन ₹१५,०००, दोन महिने दहा दिवसांचा पगार थकलेला म्हणजे ₹७०,००० येणं, आणि नोटीस ६० दिवसांची. कंपनी ₹६०,००० कापून हातावर ₹१०,००० ठेवते. या हिशेबाला चार ठिकाणी हरकत घेता येते.

पहिली, पगारातून काय कापता येतं याची यादी संहितेच्या कलम १८मध्ये ठरलेली आहे: दंड, गैरहजेरी, नुकसान, उचल, कर, पीएफ वगैरे. तिच्यात ‘नोटीस पे’ असा वेगळा प्रकार नाही. दुसरी, कोणत्याही कारणाने कापलं तरी त्या वेतन कालावधीच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. वरच्या उदाहरणात वाद कितीही असला तरी ₹३५,००० हातात यायलाच हवेत. तिसरी, नेमणूकपत्रात नोटीसची रक्कम ‘मूळ वेतनावर’ की ‘ढोबळ पगारावर’ ते पाहा. मूळ वेतनावर असेल तर आकडा ₹६०,०००वरून ₹३०,०००वर येतो. चौथी आणि मुख्य, करार आधी कुणी मोडला? मालकाला भरपाई हवी असेल तर ती करार कायद्याच्या कलम ७३ आणि ७४खाली वाजवी असावी लागते. पत्रात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही.

रजेच्या रोखीकरणातून किंवा इतर देण्यांतून वळती करण्याचा प्रयत्न जास्त होतो. ‘हिशेब वादग्रस्त आहे, निषेधासह स्वीकारत आहे’ असं लिहूनच सही करा.

८. फुल अँड फायनलमध्ये (शेवटच्या हिशेबात) नोटीस पेवर १८ टक्के जीएसटी लावला आहे. द्यावा लागतो?

नाही. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे की नोटीस न दिल्याबद्दल कर्मचाऱ्याकडून वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही. परिपत्रकाचा क्रमांक १७८/१०/२०२२. तो मेलमध्ये टाका, पुढे सहसा वाद होत नाही.

९. राजीनाम्यानंतर पगार किती दिवसांत मिळायला हवा? एचआर ४५ दिवस सांगतात.

दोन कामाच्या दिवसांत. जुन्या कायद्यात ही मुदत मालकाने काढून टाकलेल्यांसाठीच होती. संहितेच्या कलम १७मध्ये राजीनामा देणाराही आला. ‘४५ दिवस’ ही कंपनीची आपली पद्धत आहे, कायदा नाही. मात्र ही घाई फक्त पगाराला लागू आहे. ग्रॅच्युइटी, बोनस आणि पीएफची वेळापत्रकं वेगळी आहेत (प्रश्न १६ आणि १७).

‘सर्व येणं मिळालं’ अशा व्हाउचरवर पैसे खात्यात जमा होण्याआधी सही करू नका. धनादेशावरही नाही, वटेपर्यंत थांबा.

१०. तक्रार कुठे करायची? वकील लागतो का?

जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात. मुंबईत कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. गोव्यात पणजीला पाटो इथल्या श्रम शक्ती भवनात जायचं. बँक, विमा, दूरसंचार, विमान वाहतूक, रेल्वे, खाणी, मोठी बंदरं यांतली नोकरी असेल तर राज्याच्या कार्यालयात जाऊन उपयोग नाही. तिथे केंद्राचे प्रादेशिक कामगार आयुक्त लागतात. चुकीच्या दारात अर्ज पडून राहिल्याने महिने जातात, म्हणून हे आधी विचारून घ्या.

साध्या तक्रारीवर अधिकारी मालकाला पत्र पाठवून बोलावतात आणि पुष्कळ प्रकरणं या पहिल्या पत्रावरच मिटतात. नाही मिटलं तर वेतन संहितेच्या कलम ४५खाली दाव्याचा अर्ज करायचा. येणं झाल्यापासून तीन वर्षांत अर्ज करता येतो. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दहापट ही वरची मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो, पण तारखा लांबतात हे गृहीत धरा. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे (कलम ५९). निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

वकील सक्तीचा नाही, नोंदणीकृत संघटनाही तुमच्या वतीने अर्ज करू शकते. मोफत कायदेशीर मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना ती मिळकत न पाहता मिळते.

११. मी मॅनेजर आहे, पगार ऐंशी हजार. कामगार कार्यालय म्हणतं तुम्ही ‘कामगार’ नाही.

हा गोंधळ जुन्या कायद्यामुळे आहे. तेव्हा वेतन प्रदान कायदा महिना ₹२४,०००पर्यंतच्या पगारालाच लागू होता. वेतन संहितेत ‘कामगार’ आणि ‘कर्मचारी’ अशा दोन व्याख्या आहेत. वेळेवर पगार, कपात आणि दावा ही कलमं ‘कर्मचारी’ या मोठ्या व्याख्येला लागू आहेत, आणि तिच्यात व्यवस्थापक व पर्यवेक्षकही येतात, पगाराची मर्यादा नाही. अर्जावर पहिल्याच ओळीत ‘कलम २ खालील कर्मचारी’ असं लिहा. नोकरीवरून काढल्याचा वाद असेल तर मात्र ‘कामगार’ असणं लागतं. तो वेगळा कायदा आहे.

१२. नेमणूकपत्र नाही, पगार रोखीने. मग काय दाखवणार?

काम केल्याचं सिद्ध करा, पगार दिल्याचं सिद्ध करणं मालकाकडे आहे. गेटपास, ओळखपत्र, हजेरीच्या मस्टरचा फोटो, मुकादमाचे मेसेज, यूपीआयने कधीमधी आलेले पैसे, गणवेशातला फोटो, दोन सहकाऱ्यांची नावं यातलं जे असेल ते चालतं. पत्रच नसल्याने ‘९० दिवसांची नोटीस’ कुठून आली हे दाखवणंही त्यांना जड जातं. इथे कागद नसणं कधी कधी तुमच्या बाजूने असतं.

१३. मी ठेकेदाराकडे आहे. तो म्हणतो कंपनीने बिल दिलं नाही म्हणून पगार नाही.

ते त्या दोघांचं भांडण आहे. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनीने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. म्हणून प्रश्न ५मधलं मागणीपत्र दोघांना पाठवा. मूळ कंपनीच्या एचआरकडे प्रत गेली की ठेकेदाराचा सूर बदलतो. त्याला पुढचं कंत्राट हवं असतं. माथाडी किंवा सुरक्षा रक्षक मंडळात नोंद असेल तर पगार मंडळामार्फत होतो, तेव्हा तक्रारही आधी मंडळाकडे करा.

१४. रिलीव्हिंग लेटर देत नाहीत, माझी मूळ प्रमाणपत्रंही ठेवून घेतली आहेत.

मूळ प्रमाणपत्रं तुमची मालमत्ता आहे. ती परत मागणारं पत्र यादीसह द्या आणि सात दिवसांची मुदत द्या. नाही दिली तर पोलिसांकडे लेखी अर्ज करा.

रिलीव्हिंग लेटर नसल्याने नवी नोकरी अडतेच असं नाही. नव्या ठिकाणी आधीच सांगा आणि हे द्या: जुनं नेमणूकपत्र, शेवटच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, पीएफचा सेवा इतिहास, राजीनाम्याचा मेल आणि त्याची पोच. ‘सध्याची कंपनी तीन महिने पगार देत नव्हती’ हे कारण स्टेटमेंट पाहिलं की पटतं. लपवलं आणि तपासणीत निघालं तर मात्र अडचण होते.

१५. ‘अबस्काँडिंग’ (न सांगता पळून गेला) म्हणून पोलीस तक्रार करू अशी धमकी आहे. आणि बाँडचं काय?

नोटीस न देता नोकरी सोडणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी वाद आहे. खरा धोका असतो तो लॅपटॉप, मोबाइल, गाडी, रोकड किंवा माल तुमच्याकडे राहिला तर. ‘पगार द्या, मग लॅपटॉप देतो’ ही अदलाबदल करू नका. तिथून वाद दिवाणी राहत नाही. वस्तू मालिका क्रमांकासह यादी करून परत करा, फोटो काढा, पोच घ्या. कुणी घेत नसेल तर विमा केलेल्या कुरिअरने पाठवा.

एक अपवाद फार थोड्यांना ठाऊक आहे. आजारपण, वय किंवा दुर्बलतेमुळे असहाय असलेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार असेल आणि तुम्ही त्याला तसंच टाकून गेलात, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ₹५,०००पर्यंत दंड होऊ शकतो. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या आया, वॉर्डबॉय, परिचारिका यांनी पगार थकला तरी दुसऱ्या माणसाच्या ताब्यात रुग्ण देऊन, वेळ लिहून घेऊनच निघावं.

बाँड (ठरावीक काळ नोकरी करण्याची, नाहीतर रक्कम भरण्याची हमी) सरसकट बेकायदा नसतो. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, ₹२ लाखांचा बाँड वैध ठरवला. पण त्या प्रकरणात बँकेने पगार थकवला नव्हता. मालकच पगार देत नसेल तर प्रश्न २मधला मुद्दा बाँडलाही लागू होतो, आणि प्रशिक्षणावर खरंच किती खर्च केला ते त्याला दाखवावं लागतं. कोरे धनादेश दिले असतील तर राजीनाम्याच्या पत्रातच त्यांचे क्रमांक लिहून परत मागा.

१६. पगारातून पीएफ कापला, पण भरलेला दिसत नाही.

पगार थकवणारी कंपनी पीएफही थकवते, हे बहुधा जोडीनेच येतं. मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा करायचा असतो. पासबुक तपासा. तुमच्या पगारातून कापून न भरलेला हिस्सा म्हणजे विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो, म्हणून तक्रारीत ‘स्लिपवर कपात आहे, पासबुकात नोंद नाही’ असं महिन्यांच्या यादीसह लिहा आणि भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर टाका.

मालक ‘एक्झिट डेट’ (नोकरी सोडल्याची तारीख) भरत नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी सदस्य पोर्टलवर ती तुम्हालाच भरता येते, आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने. तारीख राजीनाम्याच्या पत्राशी जुळवा. एकदा चुकीची भरली की दुरुस्ती डोकेदुखी असते.

१७. नोटीस दिली नाही म्हणून ग्रॅच्युइटी आणि बोनस बुडतो का?

नाही. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत: मालकाच्या मालमत्तेचं नुकसान, हिंसक वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा. नोटीस त्यात नाही. पाच वर्षं भरली असतील (मुदतीच्या नेमणुकीवर आता एक वर्ष), तर शेवटचा महिन्याचा पगार × १५ ÷ २६ × वर्षं एवढी रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी. बोनसला त्या वर्षी किमान ३० दिवस काम लागतं. तो लेखावर्ष संपल्यावर आठ महिन्यांत देतात, म्हणून सोडताना मिळाला नाही तर तारीख लिहून ठेवा.

१८. आम्ही पंधराजण एकदम सोडणार आहोत. एकत्र गेलो तर जोर येईल ना?

दाव्यात येईल, सोडण्यात उलटा परिणाम होऊ शकतो. वेतन संहितेच्या कलम २०मध्ये खास तरतूद आहे: दहा किंवा जास्त जण संगनमताने, करारातली नोटीस न देता आणि वाजवी कारण नसताना गैरहजर राहिले, तर नोटीसच्या बदल्यात आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. इथे ‘वाजवी कारण’ हीच तुमची ढाल आहे, म्हणून प्रत्येकाचं मागणीपत्र आधी गेलेलं असायला हवं. नुसतं काम बंद केलंत तर तो संप ठरू शकतो आणि त्याला किमान १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच. राजीनामे वेगवेगळे द्या, प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहा आणि दावा मात्र एकाच अर्जात करा. कायदा त्याला परवानगी देतो.

१९. मी खाजगी शाळेत शिक्षिका आहे, संस्था सहा महिने पगार देत नाही.

इथे घाई करू नका. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांना १९७७चा कायदा आणि १९८१ची नियमावली लागू आहे. कायम शिक्षकाला तीन महिने आणि अस्थायी शिक्षकाला एक महिना नोटीस द्यावी लागते. लवकर मोकळं व्हायचं तर नोटीसच्या बदल्यात वेतन भरायचा मार्ग आहे. राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारखेसह, एक प्रत संस्थेला नोंदणीकृत टपालाने पाठवायची. ही पद्धत पाळली नाही तर पुढे सेवा धरण्यात अडथळे येतात. ही नोटीस खाजगी करारातून नव्हे, नियमांतून येते, म्हणून प्रश्न २मधला युक्तिवाद इथे तितका चालत नाही. थकलेल्या पगाराची तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे करा आणि तीही राजीनाम्याच्या आधी.

२०. मुकादमाकडून उचल घेतली आहे. मजुरी देत नाही, पण उचल फिटल्याशिवाय जाऊ देत नाही.

उचलीपोटी माणसाला अडवून ठेवणं म्हणजे वेठबिगारी, आणि १९७६च्या कायद्याने तो गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि ₹२,०००पर्यंत दंड. उचल हे देणं असेल तर मुकादमाने ते वसूल करायला न्यायालयात जावं. कोयता, बैल, आधारकार्ड किंवा घरातलं माणूस ओलीस ठेवता येत नाही. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्जात किती उचल घेतली, किती टन ऊस तोडला, दर काय ठरला आणि किती मिळाले हे चार आकडे हवेतच. फडावरच्या टनांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. त्या नसल्या की हिशेब मुकादमाच्या वहीवर चालतो.

२१. पगार अर्धा देतात, बाकी ‘नंतर’. हाही उशीरच का?

हो, उरलेला भाग ७ तारखेनंतर थकीतच. अर्धा पगार घेताना ‘भागशः, बाकी ₹____ येणे’ असं मेलने कळवा. नाहीतर पुढे ‘पगार कमी करायचं ठरलं होतं’ असं सांगितलं जातं.

२२. कंपनी एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेली. आता राजीनामा देऊ की थांबू?

राजीनाम्यापेक्षा दावा तातडीचा आहे. दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धची इतर वसुली थांबते आणि प्रश्न १०चा मार्ग गोठतो. या प्रक्रियेसाठी नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाकडे ‘फॉर्म डी’मध्ये दावा भरायचा. बऱ्याच जणांचा एकत्र असेल तर प्रतिनिधीने ‘फॉर्म ई’ भरायचा. जाहीर सूचनेतली तारीख पाळा. कंपनी शेवटी विकून वाटणी झाली, तर कामगारांचं आधीच्या २४ महिन्यांचं येणं तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने बसतं आणि इतर कर्मचाऱ्यांचं १२ महिन्यांचं त्याच्या खालोखाल. प्रक्रिया सुरू झाल्यानंतरच्या कामाचा पगार हा वेगळा खर्च धरतात, म्हणून दोन्ही काळांचे आकडे वेगळे लिहा.

२३. मी दुबईत आहे, तीन महिने पगार नाही. इथलंच लागू का?

नाही, तिथला कायदा लागू, आणि तो या बाबतीत जास्त स्पष्ट आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या कायद्याच्या (क्रमांक ३३) कलम ४५नुसार मालकाने करार मोडला तर नोटीस न देता सोडता येतं. अट अशी की सोडण्याच्या १४ कामाच्या दिवस आधी तुम्ही मानव संसाधन व अमिरातीकरण मंत्रालयाला कळवलेलं असावं आणि तेवढ्यात मालकाने चूक सुधारलेली नसावी. डीआयएफसीसारख्या (दुबईचं वित्तीय केंद्र) काही मुक्त क्षेत्रांचे कायदे वेगळे आहेत, तेव्हा व्हिसावर कुणाचं नाव आहे ते आधी पाहा.

ते चौदा दिवस कामावर हजर राहा. ‘न सांगता’ गेलेल्यावर मालकाने फरारीची नोंद केली तर व्हिसा आणि पुढची नोकरी दोन्ही अडकतात. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट भारतातल्या कुणाला तरी पाठवून ठेवा. पासपोर्ट मालकाकडे असेल तर तो परत मागणं त्याच तक्रारीत लिहा. जोडीला भारत सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा, म्हणजे वाणिज्य दूतावासाकडे प्रकरणाचा क्रमांक तयार असतो.